फादरची बदली आणि मागे राहिलेली उधारी

मे महिन्यातला रविवार. बाहेर ४४ अंश, आत पंखे गरम हवाच ढवळतायत. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपत आलेली असते, शेवटच्या आशीर्वादाआधी फादर सूचना वाचतात. बुधवारची नोव्हेना प्रार्थना, शनिवारी आवाराची झाडलोट, अमक्याच्या घरी महिन्याची मिस्सा. मग ते कागद खाली ठेवून घसा साफ करतात. त्या खाकरण्यावरूनच जुन्या लोकांना पुढचं कळतं. "महागुरुस्वामींचं (बिशपचं) पत्र आलं आहे," असं ते म्हणेपर्यंत मागच्या बाकावरची आजी शेजारणीच्या कानाला लागलेली असते, "जाई राहिनात का?"

पुढचे पंधरा दिवस दुसरा विषय नसतो. कोणी पाठवलं, कोणी तक्रार केली, येणारे कडक आहेत म्हणे. ऑफिसातले मित्रही विचारतात, "तुमच्या फादरचीपण तलाठ्यासारखी बदली होते का रे?" होते. पण सगळंच तलाठ्यासारखं नसतं. गेली बरीच वर्षं मी आमच्या चर्चच्या कमिटीत आहे आणि हे चहाच्या टपरीवर इतक्या वेळा समजावलंय की एकदा लिहूनच टाकतो.

आधी पॅरिश म्हणजे काय ते. वसईकडे त्याला धर्मग्राम म्हणतात, आम्ही पॅरिशच म्हणतो. लोकांना वाटतं पॅरिश म्हणजे चर्चची इमारत. कॅथलिक चर्चची जी धर्मसंहिता आहे, म्हणजे आमचा कायदा, ती १९८३ साली नव्याने आली. तिच्यात पॅरिशची व्याख्या लोकांपासून सुरू होते: एका धर्मप्रांतात (म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या मुलखात) कायमस्वरूपी उभा केलेला श्रद्धावंतांचा समुदाय, ज्याची जबाबदारी बिशपच्या अधिकाराखाली एका धर्मगुरूवर सोपवलेली असते. बहुतेक पॅरिशना हद्द असते, पोलीस ठाण्याला असते तशी. त्या हद्दीत राहणारा कॅथलिक त्या पॅरिशचा, मग तो चर्चला येवो न येवो.

वसईत एका चर्चच्या घंटेच्या टप्प्यात शेकडो कॅथलिक घरं सापडतील. खानदेशात हिशेब उलटा. इथे हद्द मोठी आणि माणसं विरळ. भुसावळला १८६०च्या दशकात रेल्वे आली आणि तिच्यामागोमाग गोव्याकडची, मद्रासकडची, अँग्लो-इंडियन अशी घरं आली. ड्रायव्हर, गार्ड, फिटर. त्यांची नातवंडं आज मराठी बोलतात आणि शेवभाजीला नाकं मुरडत नाहीत. कुठे मिशन शाळेतले शिक्षक, कुठे दवाखान्यातल्या नर्स, आणि सातपुड्याच्या अंगाला भिल्ल-पावरा वस्त्या. एका फादरला रविवारी सकाळी शहरात मिस्सा करून दुपारी चाळीस-पन्नास किलोमीटरवर कोणाच्या ओट्यावर सतरंजी टाकून दुसरी करावी लागते. उपदेश मराठीत, गाणं हिंदीत, शेवटची तक्रार अहिराणीत.

हे सगळं नाशिक धर्मप्रांतात येतं. तो १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा निघाला. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव, नंदुरबार एवढा पसारा. पहिले बिशप थॉमस भालेराव, येशूसंघीय (जेझुइट). बिशपना मराठीत आपण महागुरुस्वामी म्हणतो. जळगावहून नाशिक अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि धडगावच्या डोंगरातल्या माणसाला तर ते मुंबईइतकंच लांब वाटतं. म्हणून इथल्या लोकांना महागुरुस्वामी म्हणजे मुलांच्या दृढीकरणाला (श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराला) येणारे पाहुणे आणि बदलीच्या पत्राखालची सही.

आता बदली. नवापूर-नंदुरबारकडे प्रॉटेस्टंट मंडळ्या, म्हणजे त्यांची चर्चं, बऱ्याच आहेत, तिथल्या ओळखीच्यांना आमची पद्धत नवलाची वाटते. त्यांच्या अनेक मंडळ्यांत पाळक (पास्टर) ठेवायचा की नाही यात मंडळीचा शब्द चालतो. आमच्यात फादर नेमणं हे बिशपचं काम. लोकांना विचारता येतं, लोक अर्ज करू शकतात, सह्यांची मोहीमही होते (मी दोन पाहिल्यात, दोन्ही वाया गेल्या), पण मतदान नाही.

गंमत अशी की धर्मसंहितेचा मूळ कल बदलीच्या बाजूचा नाहीच. पॅरिशच्या धर्मगुरूला स्थैर्य हवं, त्याची नेमणूक बेमुदत असावी, असं ५२२वं कलम सांगतं. ठरावीक मुदतीसाठी नेमायचं तर त्या देशातल्या बिशपांच्या परिषदेने तशी मुभा दिलेली असावी लागते. मुदतीची नेमणूक आता बऱ्याच देशांत रुळली आहे, म्हणून काही वर्षांनी पत्र येतं. आपल्याकडे ते बहुधा शाळा सुरू व्हायच्या आधी. पंच्याहत्तरी झाली की राजीनामा देण्याची विनंती असते, तो स्वीकारायचा की थांबवायचा हे बिशप ठरवतात.

धर्मगुरू दोन प्रकारचे, आणि इथे लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. एक धर्मप्रांताचे: दीक्षेच्या वेळी ते आपले जोडलेले हात बिशपच्या हातात देऊन आज्ञापालनाचं वचन देतात. दुसरे एखाद्या संघाचे, उदाहरणार्थ येशूसंघीय. त्यांना संघाचा वरिष्ठ असतो. संघाच्या फादरला पॅरिशवर बिशपच नेमतात, पण वरिष्ठाच्या संमतीने. काढताना मात्र दोघांपैकी कोणीही काढू शकतो, दुसऱ्याला कळवलं की झालं, परवानगी लागत नाही. म्हणजे "बिशपने आमचा फादर हलवला" म्हणून आपण चिडावं आणि पत्र निघालेलं असावं संघाच्या ऑफिसातून.

फादरला नको असेल तर? बिशपने आधी लेखी प्रस्ताव द्यायचा, समजावायचं. फादरने नकाराची कारणं लेखी द्यायची. बिशपने दोन पॅरिश धर्मगुरूंशी चर्चा करून मग निर्णय घ्यायचा. ही बदलीची कलमं संहितेच्या अगदी शेवटी आहेत. एकूण कलमं १७५२. शेवटचं, १७५२वं, बदलीच्याच प्रकरणात येतं आणि त्यातच ते सुप्रसिद्ध वाक्य आहे की आत्म्यांचं तारण हाच चर्चमध्ये नेहमी सर्वोच्च कायदा असला पाहिजे. एवढं मोठं तत्त्व कुठे ठेवलंय, तर बदलीच्या फायलीत! ज्याने कोणी ते तिथे ठेवलं त्याने पॅरिशमधली भांडणं जवळून पाहिली असणार, असं मला नेहमी वाटतं.

मी एकदा फादरांच्या हस्तांतराला बसलो होतो. ऑफिसातलं टेबल, वर सनमायका, मध्ये किल्ल्यांचा जुडगा. प्रत्येक किल्लीला पांढऱ्या कापडाची चिंधी आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं: सॅक्रिस्टी (उपासनेचं साहित्य ठेवायची खोली), कपाट १, मोटार, गोदाम. घामाने शाई पसरलेली. जाणारे फादर एकेक चिंधी वाचत होते आणि येणारे वहीत खूण करत होते. मग रजिस्टरं: स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), विवाह, मृत्यू. स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी समासात त्या माणसाच्या लग्नाची नोंद नंतर चढते, त्यामुळे एका ओळीत माणसाचं निम्मं आयुष्य दिसतं. १९५० सालातलं एक पान उघडलं तर तिथे माझ्या वडिलांचं नाव, त्या वेळच्या फादरच्या तिरक्या अक्षरात. त्यानंतर किती फादर आले-गेले, रजिस्टर तेच. मग मिस्सांच्या नोंदींची वही: कोणी आईच्या आत्म्यासाठी, कोणी मुलाच्या परीक्षेसाठी मिस्सा सांगितलेली, त्यातल्या किती व्हायच्या राहिल्यात. राहिलेल्या मिस्सा हे देणं असतं, तेही मोजून सोपवतात. शेवटी बँकेचं पासबुक. धर्मसंहितेप्रमाणे प्रत्येक पॅरिशला अर्थसमिती असावीच लागते. काही ठिकाणी सल्लागार मंडळही असतं, पण त्याला नावाप्रमाणे सल्लाच देता येतो.

तर, हे सगळं सोपवलं जातं. काय सोपवलं जात नाही? कन्फेशनमध्ये, म्हणजे लोक फादरपुढे पापांची कबुली देतात तेव्हा, ऐकलेलं. ते जाणाऱ्या फादरच्या पोटातच जातं. ते फोडणाऱ्या धर्मगुरूवर आपोआप बहिष्काराची शिक्षा लागू होते, म्हणून नव्या फादरला कसलाच पत्ता नसतो. (नवे फादर आले की पहिले काही शनिवार कन्फेशनची रांग लांब असते. अनोळखी कानाचा फायदा.)

आणि फादर बदलले म्हणून मिस्सा कमी-जास्त होत नाही. जाणारे विद्वान होते, येणारे अडखळत वाचतात, तरी संस्कार तोच. हा वाद चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत पेटला होता. छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंनी दिलेले संस्कार खरे मानायचे का, असा प्रश्न होता. पुढे संत ऑगस्टीन यांनी उत्तर दिलं की देणारा ख्रिस्त आहे, हात कोणाचेही असोत. अजून एक बारीक गोष्ट. प्रत्येक मिस्सेत पोपमहाशयांचं आणि धर्मप्रांताच्या बिशपचं नाव घेतलं जातं. पॅरिशच्या फादरचं नाव त्यात नसतं. २०२५च्या मे महिन्यात पोप लिओ निवडून आले तेव्हा आमच्या फादरांच्या तोंडून दोनदा "फ्रान्सिस" निघालं आणि त्यांनी जीभ चावली.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. बदली झाली की लोकांना वाटतं भांडण संपलं. "गेले एकदाचे." फादर गेलेले असतात, भांडण त्याच बाकावर बसलेलं असतं.

आमच्याकडचंच सांगतो. आमच्या चर्चमध्ये एक नाना आहेत. रेल्वेतून निवृत्त. किती वर्षं त्यांनी हार्मोनियम वाजवली त्याची मोजदाद नाही. एका फादरांनी तरुणांचा गट उभा केला, कीबोर्ड आणला. हार्मोनियम गोदामात गेली. नाना रविवारी दिसेनासे झाले. सगळे म्हणाले, नानांचा फादरवर राग आहे. काही वर्षांनी त्या फादरांची बदली झाली. निरोपाला वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी होती. नाना आले नाहीत. आम्हाला वाटलं, आता पुढच्या रविवारी येतील. नव्या फादरांनी कीबोर्ड तसाच ठेवला आणि नाना काही आले नाहीत. तेव्हा त्यांच्या सुनेने मला बाजारात गाठून सांगितलं, "भाऊ, बाबांचा राग फादरवर नाहीच. कीबोर्डच्या चेकवर सही कोणाची होती?"

सही माझी होती. ठराव मीच मांडला होता. नानांना विचारावं हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

क्षमा या विषयावर चर्चमध्ये जेवढं बोललं जातं तेवढं कशावरच नाही, आणि तरी ती चालते कशी हे फार थोड्यांना कळतं. मत्तयच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय यासाठी नीट बघण्यासारखा आहे. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? येशू म्हणतो सत्तर गुणिले सात. मग गोष्ट सांगतो. एका राजाच्या चाकरावर दहा हजार तालांतांचं कर्ज. राजा ते सोडतो. तोच चाकर बाहेर पडून आपल्या सोबत्याची मानगूट धरतो, कारण त्याच्याकडे शंभर दीनार येणं आहे.

तालांत, दीनार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून गणित मांडतो. एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दीनार. दहा हजार तालांत म्हणजे ६ कोटी रोज. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर २ लाख वर्षं. आणि सोबत्याचं कर्ज? १०० रोज. २००५च्या रोजगार हमी कायद्याने एका कुटुंबाला वर्षाला जेवढ्या दिवसांच्या कामाची हमी दिली तेवढं. रोज ४०० रुपये धरा: एकीकडे २,४०० कोटी, दुसरीकडे ४० हजार. आता हे ४० हजार कापूस वेचणाऱ्या बाईला विचारा, तिला ते थोडे वाटणार नाहीत. गोष्टीत ते थोडे आहेत असं म्हटलेलंच नाही. आपलं येणं खरं असतं, दुखणारं असतं. फक्त आपल्या नावावरचं देणं आठवलं की त्याचा आकार वेगळा दिसतो.

कर्जाचा हा हिशेब प्रभूच्या प्रार्थनेतही आहे. मराठी बायबलमध्ये मत्तयने दिलेल्या त्या प्रार्थनेत "ऋण" आणि "ऋणी" हेच शब्द वापरलेत, मूळ ग्रीकमध्येही कर्जाचाच शब्द आहे. खानदेशातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कापसाच्या बोंडावर आणि केळीच्या घडावर आगाऊ उचल घेणारा मुलूख आहे हा. कर्ज सोडायचं तर आधी किती आहे ते वहीत लिहिलेलं लागतं. "जाऊ द्या हो, झालं गेलं" म्हणणं म्हणजे वही न उघडताच मिटणं. त्याने काही सुटत नाही, व्याज चढत राहतं. म्हणूनच त्याच अध्यायात, पेत्राच्या प्रश्नाच्या थोडं आधी, पद्धत सांगितलीय: भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला त्याची चूक सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने. तरीही नाही, तर मंडळीला सांग. आपण नेमकं उलट करतो. आधी चर्चच्या फाटकाशी चार जणांना सांगतो, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि ज्याला सांगायचं तो सोडून सगळ्यांना कळतं.

आणखी एक जागा आहे, मत्तय पाचवा अध्याय. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे दुखावला गेलास तर तू जा, आणि दुखावलंस तरी तूच जा. दोन्हीकडून पायपीट आपलीच. यात "तो येऊन बोलला तर बघू" या खास आपल्या वाक्याला कुठे जागाच नाही.

क्षमेबद्दलचा एक मोठा गैरसमज मात्र स्पष्ट केला पाहिजे, कारण त्याने नुकसान झालेलं आहे. क्षमा म्हणजे गुन्हा झाकणं नाही. पैशांची अफरातफर असेल तर हिशेब तपासलाच पाहिजे. लहान मुलांवरच्या अत्याचाराची बाब असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. फादर असोत, सिस्टर असोत, कमिटीवाले असोत. अशा वेळी गुपचूप बदली करून टाकणं हा जगभर झालेला अपराध आहे, आणि त्यावर पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये चर्चअंतर्गत तक्रारीचे सक्त नियम केले. कन्फेशनमध्येसुद्धा चोराला पश्चात्ताप आणि कबुलीवर सोडत नाहीत, चोरलेलं परत करायला सांगतात. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १९८१ साली गोळ्या झाडणाऱ्याला त्यांनी क्षमा केली, १९८३ साली तुरुंगात जाऊन भेटले. तो माणूस इटलीच्या तुरुंगात २००० सालापर्यंत होता.

याहून जवळचं उदाहरण आपल्या शेजारी आहे. धुळ्याहून आग्रा रोडने सातपुडा ओलांडला की इंदूर. तिकडे देवास जिल्ह्यात उदयनगरला सिस्टर राणी मारिया आदिवासींमध्ये काम करायच्या. सावकाराच्या वहीतून लोकांना बाहेर काढायचं, हेच मुख्य काम. ज्यांच्या वह्या त्यामुळे कोऱ्या राहू लागल्या त्यांना ते खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांसमोर, समंदर सिंग नावाच्या माणसाने त्यांना भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारियांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्याला राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेला संमती दिली आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. लक्षात घ्या, १९९५ ते २००२ मध्ये सात वर्षं आहेत. राखी काही दुसऱ्या दिवशी बांधली गेली नाही. आमच्यातले काही लोक उपदेश ऐकून आल्यावर दुखावलेल्या माणसाला लगेच "क्षमा करा की" म्हणून टोचत बसतात, त्यांनी ही सात वर्षं मोजावीत.

मिस्सेत प्रभूच्या प्रार्थनेनंतर शांतीचं चिन्ह येतं. आधी ऋण सोडण्याची प्रार्थना, मग शांती, मग ख्रिस्तप्रसाद. परदेशात हस्तांदोलन करतात, आपल्याकडे नमस्कार. नमस्काराची एक सोय आहे: ज्याच्याशी बोलत नाही त्याच्याकडे पाठ न करता, किंचित तिरकं वळून दुसऱ्यालाच हात जोडता येतात. हे मी अनेक वर्षं बघत आलोय, आणि केलंही आहे.

नानांकडे मी गेलो, पण लगेच नाही. सुनेने सांगितल्यावर दोन महिने टाळलं. मग एका संध्याकाळी गेलो. नाना ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, "नाना, चेकवर सही माझी होती. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. चुकलो." ते काही बोलले नाहीत. सुनेने चहा आणला. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "भाता उंदरांनी खाल्ला का?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी फादरांकडून जुडगा घेतला, "गोदाम" लिहिलेली चिंधी शोधली. हार्मोनियम पंडालच्या कनातीखाली होती. भात्याची एक घडी कोपऱ्यात कुरतडलेली, दोन पट्ट्या दाबल्या तर वर येत नव्हत्या. फादरांच्या वहीत नोंद करून ती रिक्षाने नानांकडे नेली. नानांनी झाकण उघडून आत फुंकर मारली, धूळ माझ्याच तोंडावर आली. "चामडं जळगावला मिळेल," ते म्हणाले, "तू जाशील तेव्हा आण."